सल्ला हवाय: इंग्लंडमधले जुने शेक्सपिअर-नट, सुरुवात कुणापासून करू?

वैशाखवारा

नमस्कार मंडळी. लेक रेडिंगला असते, तिच्या बाळंतपणासाठी मेच्या मध्यापासून ऑगस्टपर्यंत मी तिकडे असणार आहे. जावई म्हणतोय, आई, बाळ यायच्या आधीचे तीन-चार दिवस तुमचे, हवं तिथे फिरा. राजवाडा, पूल, घड्याळ हे मागच्या खेपेला बघून झालंय.

या वेळी मनात वेगळंच आहे. माझ्या आजोबांनी शाळकरी वयात शाहूनगरवासी मंडळीच्या गणपतराव जोशींचा हॅम्लेट बघितला होता, म्हणजे आगरकरांचं 'विकारविलसित'. म्हातारपणी त्यांना बाकी काही आठवायचं नाही पण त्यातलं स्वगत आलं की उभे राहून म्हणायचे आणि आम्ही पोरं गप्प बसून ऐकायचो. तेव्हापासून डोक्यात आहे की इकडे गणपतराव हे करत होते तेव्हा तिकडे, जिथलं हे नाटक तिथे, कोण करत होतं? ते लोक नट व्हायचे कसे, शिकायचे कुठे, पोट कशावर भरायचं, शेवटी काय झालं त्यांचं? मला नाव एकच माहितीय, हेन्री आयर्विंग.

तर सल्ला असा हवाय: (१) सुरुवात कुणापासून करू, (२) एकच पुस्तक वाचायचं तर कुठलं, इंग्रजी वाचते पण सावकाश, (३) प्रत्यक्ष जाऊन बघण्यासारखं काय उरलंय. प्रबंधासारखं कोरडं नको प्लीज.

रंगपट

ताई, विषय काढलात त्याबद्दल आधी मनापासून आभार, यावर मराठीत कुणी फारसं बोलत नाही.

आयर्विंगपासूनच सुरू करा पण लायसियम थिएटरमधल्या मोठ्या आयर्विंगपासून नको, सुरुवातीच्या दहा वर्षांपासून करा. खरं नाव जॉन हेन्री ब्रॉड्रिब, जन्म १८३८, सॉमरसेटमधलं छोटं खेडं. लहानपणी बोलताना अडखळायचा. लंडनमध्ये कारकुनी करायचा, मग नोकरी सोडून १८५६ मध्ये संडरलंडला नाटक कंपनीत गेला. पहिला महिना फुकट काम, नंतर आठवड्याला २५ शिलिंग. तिथून एडिंबरा, मग मँचेस्टरला जवळजवळ पाच वर्षं. लंडनमध्ये पाय रोवायला १८६६ उजाडलं आणि खरं नाव झालं ते १८७१ च्या नोव्हेंबरात, 'द बेल्स' नाटकामुळे. म्हणजे पंधरा वर्षं!

ही पंधरा वर्षं का महत्त्वाची ते सांगतो. त्या काळी प्रत्येक मोठ्या गावाच्या थिएटरची स्वतःची कायम मुक्कामाची मंडळी असायची, तिला स्टॉक कंपनी म्हणत. नायक, खलनायक, विनोदी नट, म्हातारे, प्रत्येकाचं काम ठरलेलं. आठवड्यात तीन-चार वेगळी नाटकं, तालीम एखादीच, लंडनहून कुणी मोठा नट आला की त्याच्या हॅम्लेटला यांनी साथ द्यायची, आणि तो उद्या ऑथेल्लो करणार म्हटला की रात्रीत पाठ करून उभं राहायचं. आयर्विंगने अशी शेकडो कामं केली. डब्लिनला तर १८६० मध्ये प्रेक्षकांच्या लाडक्या नटाला काढून त्याच्या जागी याला आणलं म्हणून लोकांनी आठवडेच्या आठवडे हुर्यो केली, रोज रात्री, आणि हा रोज रात्री उभा राहिला. पुढे जो माणूस एका नजरेत हजार लोक गप्प करायचा तो असा घडलाय.

त्या 'द बेल्स'च्या पहिल्या रात्रीचा किस्सा ऐकाच. प्रयोग तुफान झाला, बायकोबरोबर घोडागाडीतून घरी निघालेत, आणि बायको म्हणाली, आयुष्यभर असंच हसं करून घेणार आहात का? आयर्विंगने हाइड पार्कच्या कोपऱ्यावर गाडी थांबवली, उतरला, आणि पुन्हा तिच्याशी कधी बोलला नाही. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुस्तक मिटून बसलो होतो. बायकोची बाजूही समजते मला, दुसरं मूल पोटात होतं तिच्या. पण तो उतरला हेही समजतं.

पुढचं थोडक्यात: १८७४ मध्ये त्याचा हॅम्लेट २०० रात्री चालला. १८७८ मध्ये लायसियम स्वतःच्या हातात घेतलं आणि ३० डिसेंबरला पुन्हा हॅम्लेटनेच पडदा उघडला, ऑफीलिया एलन टेरी. १८९५ मध्ये 'सर' झाला, हा किताब मिळालेला पहिलाच नट. आधीच्या कायद्यात नट आणि भटके-उडाणटप्पू एका ओळीत बसायचे हे लक्षात घेतलं की ती केवढी गोष्ट होती ते कळतं.

टेम्सकाठी

ताई, मी लंडनमध्येच असतो म्हणून तिसऱ्या प्रश्नाचं सांगतो. एका दिवसात पायी होईल असं:

चेरिंग क्रॉस रोडवर नॅशनल पोर्ट्रेट गॅलरीच्या मागच्या अंगाला आयर्विंगचा पुतळा आहे, नटमंडळींनी वर्गणी काढून १९१० मध्ये उभा केलेला. तिथून कॉव्हेंट गार्डनला चालत या, सेंट पॉल्स चर्च म्हणून आहे (मोठं घुमटवालं नव्हे, हे छोटं, नटांचं चर्च म्हणतात त्याला), आत एलन टेरीच्या अस्थी चांदीच्या कलशात ठेवल्यात. मग वेलिंग्टन स्ट्रीटवर लायसियम. एक आधीच सांगून ठेवतो नाहीतर तिथे गेल्यावर वाईट वाटेल, आयर्विंगचं थिएटर आतून उरलेलं नाहीये, १९०४ मध्ये पाडून नवीन बांधलं, फक्त पुढचे उंच खांब आणि दर्शनी भाग १८३४ चा आहे. सध्या आत 'लायन किंग' चालतं. पण त्या खांबांखाली जरूर उभ्या राहा, स्वस्त तिकिटांसाठी लोक इथे तासनतास रांगा लावायचे.

हेमार्केटला हिज मॅजेस्टीज थिएटर आहे, ते हर्बर्ट बीअरबोम ट्री या नटाने १८९७ मध्ये बांधून घेतलं. वर घुमटात स्वतःसाठी खोल्या केल्या होत्या, आणि १९०४ मध्ये त्याने याच थिएटरात नाट्यशिक्षणाची शाळा काढली, आजची राडा (RADA, रॉयल अकॅडमी ऑफ ड्रॅमॅटिक आर्ट) ती हीच.

दुसरी_घंटा

रंगपट, सगळं मान्य, पण सुरुवात आयर्विंगपासून करू नका असं माझं ठाम मत. एलन टेरीपासून करा! आणि पुस्तकही तिचंच, १९०८ मध्ये आलेलं आत्मचरित्र. इंटरनेटवर फुकट आहे, प्रोजेक्ट गुटेनबर्गवर मिळेल. ताई तुम्ही सावकाश वाचता म्हणालात तर हेच, कारण ती समोर बसून बोलल्यासारखं लिहिते, अलंकारिक काही नाही.

नटाच्या घरात जन्म, १८४७, कॉव्हेंट्री, आईबाप दोघं फिरत्या कंपनीत. १८५६ मध्ये चार्ल्स कीन या नटाच्या कंपनीत 'विंटर्स टेल'मधल्या छोट्या राजपुत्राचं काम केलं, नऊ वर्षांची होती, पहिल्याच रात्री खेळण्यातल्या गाडीत पाय अडकून स्टेजवर पडली आणि तिला वाटलं आता संपलं सगळं. त्याच वर्षी 'मिडसमर नाइट्स ड्रीम'मधला खोडकर पक करत होती, शेवटच्या भाषणासाठी जमिनीतल्या झडपेतून वर यायचं होतं, झडप बंद झाली आणि तिचा पाय त्यात अडकला, अंगठा मोडला. बहीण केट जोरजोराने पाय आपटतेय की झडप उघडा, पोर किंचाळतेय, आणि मालकीणबाई मिसेस कीन विंगेतून सांगतायत की भाषण पुरं कर, पगार दुप्पट करते. तिने रडत रडत भाषण पुरं केलं, मध्येच 'केटी, केटी' असं ओरडत. पगार १५ शिलिंगचा ३० झाला. आज आपल्याला हे क्रूर वाटतं, मलाही वाटतं, पण ती स्वतः त्या मिसेस कीनबद्दल किती कृतज्ञतेने लिहिते ते बघा. शब्द स्पष्ट हवा, पाच स्वर पाच वेगळे ऐकू आले पाहिजेत, त्यांचं पुडिंग करू नकोस, हे त्या बाईंनी तिच्याकडून घोटून घेतलं. आमच्या गावच्या हौशी ग्रुपमध्ये मी हेच 'पुडिंग नको' पोरांना सांगते आता.

आयुष्य पण बघा ना. सोळाव्या वर्षी लग्न, नवरा चित्रकार वॉट्स, ४६ वर्षांचा! वर्षभरात मोडलं. नंतर वास्तुकार गॉडविनबरोबर लग्न न करता सहा वर्षं खेड्यात राहिली, दोन मुलं, रंगभूमी पूर्ण बंद. १८७४ मध्ये रस्त्यात गाडीचं चाक निखळलं म्हणून उभी होती तर लेखक चार्ल्स रीड शिकारीच्या घोड्यावरून कुंपण ओलांडून तिथे आले, ओळखलं, म्हणाले परत ये. तिने पटकन म्हणून टाकलं, आठवड्याला ४० पौंड द्याल तर येते. ते म्हणाले, ठरलं. घरात पैशाची तंगी होती हे ती लपवत नाही. त्या काळात एवढ्या 'बदनाम' बाईला प्रेक्षकांनी परत डोक्यावर घेतलं, लायसियमला पुढे आठवड्याला २०० पौंड मिळवायची, आणि १९२५ मध्ये 'डेम' किताब.

वैशाखवारा

अगंबाई, किती सुंदर लिहिलंय तुम्ही दोघांनी. चाक निखळल्याचं लेकीला फोनवर वाचून दाखवलं.

एक विचारू का? आयर्विंग आणि टेरी यांचं जमायचं कसं? म्हणजे कंपनी त्याची, मग तिला हवी ती कामं मिळायची का? आणि दुसरं, यांचा आवाज कुठे ऐकायला मिळतो का हो? आजोबा गणपतरावांच्या आवाजाबद्दलच सगळ्यात जास्त बोलायचे.

दुसरी_घंटा

पहिल्याचं उत्तर देते कारण हा माझा जुना राग आहे. नाही मिळायची, सगळी तर नाहीच. चोवीस वर्षं ती लायसियमची नायिका होती, पण अख्खं इंग्लंड वाट बघत असताना तिने रोझालिंड कधीच केली नाही, कारण 'अ‍ॅज यू लाइक इट'मध्ये आयर्विंगजोगतं काम नव्हतं म्हणून ते नाटक त्याने कधी काढलंच नाही. ऑफीलियाला वेडाच्या प्रवेशात काळा झगा घालायचा असं तिने ठरवलं होतं, तर आयर्विंगचा जुना सल्लागार दचकून म्हणाला, या नाटकात काळी आकृती एकच असते, ती हॅम्लेटची! मग पांढरा घातला. नाटककार बर्नार्ड शॉ १८९० च्या दशकात समीक्षक होता, तो यावरून आयर्विंगला सतत झोडपायचा आणि टेरीला लांबलचक पत्रं लिहायचा, ती पत्रंही पुढे छापली गेली.

तरी ती त्याच्याबद्दल कडवट नाही. एवढी कष्टाळू माणसं कमी बघितली असंच लिहिते.

सांगलीचा_नाटकवेडा

आवाज आणि हलत्या चित्रांबद्दल मी सांगतो, हा माझा आवडता भाग.

एलन टेरीने १९११ मध्ये अमेरिकेत तबकड्या केल्यात, पोर्शियाचं दयेवरचं भाषण, ऑफीलियाचा वेडाचा प्रवेश वगैरे, यूट्यूबवर शोधा. वय ६४ होतं, खरखर भरपूर आहे, हेडफोन लावा आणि पहिल्यांदा अर्थ शोधू नका, नुसती चाल ऐका. आपल्याला आज ते जवळजवळ गाण्यासारखं वाटतं. मग लक्षात येतं की माइक नसताना शेवटच्या रांगेपर्यंत ओळ पोचवायची तर ती अशीच पेलावी लागते, आपल्या जुन्या नटांचंही तेच होतं. आयर्विंगचं मेणाच्या नळकांड्यावरचं तिसऱ्या रिचर्डचं स्वगत आहे, अगदी पुसट. त्याचे उच्चार विचित्र होते, शायलॉक करताना 'कटथ्रोट डॉग'चं 'कटथ्रट डग' व्हायचं, चालही तिरकी, लोक नकला करायचे. तरी त्याच्यापुढे कुणी टिकायचं नाही.

सिनेमात तीन गोष्टी. ट्रीचा 'किंग जॉन' १८९९ चा, राजाच्या मरणाचा मिनिटभराचा तुकडा उरलाय, शेक्सपिअरचा पहिला सिनेमा तोच. दुसरा फ्रँक बेन्सनचा 'रिचर्ड थर्ड' १९११, शेक्सपिअरच्या जन्मगावी, स्ट्रॅटफर्डच्या रंगमंचावरच कॅमेरा लावून घेतलेला, त्यामुळे त्या काळचं नेपथ्य, रंगवलेले पडदे, गर्दीची मांडणी जशीच्या तशी दिसते. आणि तिसरा, एकच बघणार असाल तर हाच, जॉन्स्टन फोर्ब्स-रॉबर्टसनचा १९१३ चा 'हॅम्लेट'. मूकपट आहे, नट साठ वर्षांचा, पण दहा मिनिटांत वय विसरायला होतं. खरं तर हा माणूस चित्रकार व्हायचा होता, रॉयल अकॅडमीत शिकला, नट झाला ते पैशासाठी. अभिनय शिकला सॅम्युएल फेल्प्सकडे, म्हणजे ज्याने १८४४ पासून अठरा वर्षं सॅडलर्स वेल्ससारख्या आडबाजूच्या थिएटरात जवळजवळ सगळा शेक्सपिअर उभा केला त्याच्याकडे. हॅम्लेट लंडनला पहिल्यांदा केला १८९७ मध्ये, चव्वेचाळिसाव्या वर्षी, तोही आयर्विंगच्या लायसियममध्येच. इतरांनी ओढूनताणून गूढ केलेला हॅम्लेट याने साधा, हुशार, सभ्य माणूस म्हणून केला, आणि शेवटचे फोर्टिनब्रासचे (नॉर्वेच्या राजपुत्राचे) प्रवेश, जे बाकीचे सर्रास कापायचे, ते ठेवले. १९१३ मध्येच 'सर' झाला आणि रंगभूमीचा निरोप घेतला. या सगळ्यांत मला हा सर्वांत जवळचा वाटतो.

एक_प्रेक्षक

सगळे लंडन-लंडन करताय म्हणून दोन नावं सांगतो.

एक बेन्सनच, वर उल्लेख आलाय. १८८३ पासून कंपनी घेऊन गावोगाव, रेल्वेने, आणि १८८६ पासून वर्षानुवर्षं स्ट्रॅटफर्डचे नाट्यमहोत्सव त्यानेच चालवले. शेक्सपिअरची दोन नाटकं सोडून बाकी सगळी केली. रंगपट यांनी स्टॉक कंपन्यांचं सांगितलं, त्या मेल्या त्याचं कारणही रेल्वेच. अख्खा लंडनचा संच, पडदे, कपडेपट गाडीत घालून फिरवता यायला लागला तर गावची मंडळी कोण पोसणार? १८८० च्या आसपास त्या बंदच पडत गेल्या, आणि नवीन पोरांनी शिकायचं कुठे हा प्रश्न उभा राहिला. बेन्सनची कंपनी म्हणजे त्यावरचं उत्तर होतं, कित्येक नट तिथे घडले. १९१६ मध्ये लंडनच्या ड्रुरी लेन थिएटरला शेक्सपिअरच्या तीनशेव्या पुण्यतिथीचा प्रयोग चालू असताना राजाने त्याला तिथेच 'सर' केलं, सीझरच्या वेषात, नाटकाच्या सामानातल्या तलवारीने.

दुसरा आयरा ऑल्ड्रिज. न्यूयॉर्कचा कृष्णवर्णीय मुलगा, जन्म १८०७, तिकडे संधी नाही म्हणून इंग्लंडला आला. १८३३ मध्ये त्या काळचा मोठा नट एडमंड कीन (वरच्या चार्ल्सचा बाप) स्टेजवर कोसळल्यावर कॉव्हेंट गार्डन थिएटरला त्याच्या जागी ऑथेल्लो केला, लंडनच्या वर्तमानपत्रांनी रंगावरून इतकं घाणेरडं लिहिलं की दोन प्रयोगांत बंद. मग हा माणूस वीस वर्षं इंग्लंड-आयर्लंडची छोटी गावं फिरला, आणि १८५२ पासून युरोप. प्रशियात, रशियात राजदरबारी मान मिळाला. लिअर, शायलॉक, मॅकबेथ तोंडाला पांढरा रंग लावून करायचा. १८६७ मध्ये दौऱ्यावर असतानाच पोलंडच्या वुच शहरात वारला. व्हिक्टोरियन नटांची गोष्ट याच्याशिवाय सांगूच नये.

वैशाखवारा

ऑल्ड्रिजचं वाचून गलबलून आलं. हे नाव मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं.

रंगपट, एक राहिलं, आयर्विंगचा शेवट कसा झाला? एवढं कमावलं, पैसे राहिले का?

रंगपट

नाही राहिले ताई. हे सगळे स्वतःच मालक, स्वतःच नायक, स्वतःच दिग्दर्शक, आणि पैसाही स्वतःचाच लागलेला. यश आलं की गल्ला पुढच्या नाटकात. 'फाउस्ट'मध्ये तर १८८५ मध्ये तलवारींतून विजेच्या ठिणग्या उडवल्या होत्या त्याने. पण गंमत म्हणजे रंगमंचाच्या उजेडासाठी गॅसच हवा, विजेचा उजेड त्याला कडक वाटायचा. हिशेब बघायला होता ब्रॅम स्टोकर, हो, 'ड्रॅक्युला'वाला, सत्तावीस वर्षं त्याच्यापाशी होता. स्टोकरच्या १९०६ च्या दोन खंडांतल्या आठवणीही फुकट मिळतात, भक्तिभावाने लिहिल्यात पण तिकीटविक्री, दौरे, अमेरिकेच्या आठ सफरी याचा इतका तपशील दुसरीकडे नाही.

१८९८ च्या फेब्रुवारीत सदर्कला रेल्वेच्या कमानीखालचं गोदाम जळालं. चाळीसहून जास्त नाटकांचं नेपथ्य एका रात्रीत गेलं, विमा नुकताच कमी केलेला. त्याच वर्षी फुप्फुसाचं आजारपण. पुढच्या वर्षी लायसियम एका कंपनीच्या ताब्यात द्यावं लागलं, १९०२ मध्ये तिथला शेवटचा प्रयोग, आणि पासष्टीच्या जवळ आलेला माणूस पुन्हा गावोगाव. संडरलंडपासून जे सुरू झालं होतं तेच परत, फक्त आता 'सर' आणि दमेकऱ्यासारखा धापा टाकणारा. १३ ऑक्टोबर १९०५, ब्रॅडफर्ड, टेनिसनचं 'बेकेट'. त्यातल्या शेवटच्या ओळीचा अर्थ, हे प्रभो, तुझ्या हाती. ती म्हटली, पडदा पडला, हॉटेलवर आला आणि तिथल्या दालनातच त्याने प्राण सोडला.

वैशाखवारा

काय बोलू. थांबते थोडी.

बरं, असं ठरवलंय. टेरीचं पुस्तक आजच टॅबवर उतरवलं, निघेपर्यंत अर्धं होईल. फोर्ब्स-रॉबर्टसनचा हॅम्लेट लेकीबरोबर बघणार. एक दिवस पुतळा, चर्च, लायसियम. आणखी एक दिवस आहे, त्यात काय करू?

टेम्सकाठी

स्मॉलहाइथ! केंटमध्ये टेंटरडेनजवळ, एलन टेरीचं घर, १९२८ मध्ये ती तिथेच वारली, आता नॅशनल ट्रस्टकडे आहे. लाकडी पट्ट्यांचं जुनं वाकडंतिकडं घर. तिथे तिचा १८८८ चा लेडी मॅकबेथचा झगा ठेवलाय, हिरव्या भुंग्यांचे खरे पंख शिवलेला, हजारेक पंख. चित्रकार सार्जंटने याच वेषातलं चित्र काढलं ते टेट ब्रिटनमध्ये आहे. ट्रेनने रेडिंगहून लांब पडतं, जावयाची गाडी असेल तर सकाळी लवकर निघा, आणि उघडण्याचे दिवस आधी साइटवर बघून घ्या, रोज उघडं नसतं.

दुसरी_घंटा

झग्यासमोर उभ्या राहाल तेव्हा माझी आठवण काढा ताई. मी अजून गेलेली नाहीये.

रंगपट

आणि वेस्टमिन्स्टर अ‍ॅबीत गेलात तर पोएट्स कॉर्नरला शेक्सपिअरच्या पुतळ्याकडे बघताना पायाखालीही बघा. आयर्विंग तिथेच आहे, अठराव्या शतकातला मोठा नट गॅरिक याच्या शेजारी, जमिनीतल्या साध्या दगडाखाली. गर्दीत लोक त्यावरून चालत जातात, कळतही नाही.